कुटकीचा अर्क सूज आणि वेदना खरंच कमी करतो का? प्रयोगाची तयारी, टप्प्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

सांगली, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यातल्या औषधनिर्माणशास्त्राच्या मुलांचे प्रबंध वाचताना एक वाक्य हमखास सापडतं: ‘अर्काने ४०० मिलिग्रॅम प्रति किलो मात्रेला लक्षणीय दाहशामक परिणाम दाखवला.’ मग मी तीन प्रश्न विचारते. मुळं कुठली? ४००च का? त्याच दिवशी डायक्लोफेनॅकच्या (तुलनेसाठी घेतलेल्या प्रमाणित दाहशामक औषधाच्या) गटात सूज किती उतरली? तिन्हींची उत्तरं नीट देणारा विद्यार्थी क्वचित भेटतो. मुलं हुशार असतात, मेहनतीही असतात. घोळ होतो तो क्रमात. आधी कळस मग पाया, अशा पद्धतीनं काम होतं आणि सुया टोचलेल्या पंचवीस-तीस जनावरांचं दुखणं फुकट जातं. मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच.

उदाहरणासाठी कुटकी घेतली आहे. हिमालयात साधारण ३००० ते ५००० मीटर उंचीवर, वृक्षरेषेच्या आसपास आणि वर वाढणारी ही वनस्पती. तिचं शास्त्रीय नाव पिक्रोरायझा कुर्रोआ. वनस्पती दुसरी असली तरी क्रम हाच राहील. लेख आहे तो नोंदणीकृत प्रयोगशाळेत, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी. घरी कुणाच्या गुडघ्यावर कुटकी किती द्यावी, हे यावरून ठरवू नका.

टप्पा १: परवानगी आधी, खरेदी नंतर

प्राण्यांवरचा कुठलाही प्रयोग संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या लेखी मंजुरीशिवाय सुरू करता येत नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे प्रजनन व प्रयोगविषयक नियम यांच्याखाली ही मंजुरी येते. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रातली समिती पूर्वी सीपीसीएसईए म्हणून ओळखली जायची, आता सीसीएसईए. ‘फॉर्म बी’ (परवानगीचा अर्ज) भरताना मुलं दुसऱ्याचा जुना फॉर्म उतरवतात आणि जनावरांची संख्या ‘सहा-सहाचे पाच गट’ अशी ठोकून देतात.

संख्येमागे हिशेब हवा. जुजबी पण उपयोगी असा एक नियम आहे: एकूण जनावरांतून गटांची संख्या वजा केली की उत्तर १० ते २० च्या मध्ये यावं. पाच गटांत सहा-सहा घेतले तर ३० वजा ५ म्हणजे २५, गरजेपेक्षा जास्त. पाच-पाच घेतले तर २५ वजा ५ म्हणजे २०, चालेल. परिणामाच्या आकाराचा अंदाज आधीच्या कामावरून मिळत असेल तर रीतसर पॉवरचं गणित (खरा फरक पकडायला किती जनावरं लागतील याचं) करा, ते जास्त चांगलं. पण गटात सहा का, याला ‘सगळे तेवढेच घेतात’ हे उत्तर समितीपुढे देऊ नका.

तपासणी: मंजुरीचा क्रमांक हातात आहे का? विषाक्तता चाचणी, पूर्वचाचणी आणि मुख्य प्रयोग या तिन्हींची जनावरं त्यात धरली आहेत का? पूर्वचाचणीची जनावरं मोजायची राहून जाणं ही नेहमीची चूक आहे.

टप्पा २: पिशवीत कुटकीच आहे, हे सिद्ध करा

सांगलीच्या गणपती पेठेत काष्ठौषधी मागायला गेलात तर कुटकी मिळेल. पिशवीवर कुटकी लिहिलं म्हणून आत कुटकीच असेल, असं धरू नका. नेपाळ-सिक्कीमकडची निओपिक्रोरायझा याच नावानं विकली जाते. गेन्शियाना कुर्रो आणि लॅगोटिस यांची भेसळ होते. काही भागांत एका बारीक भरडधान्यालाही कुटकी म्हणतात. जुन्या यादीत ‘काळी कुटकी’ हे नाव हेलेबोरस या विषारी वनस्पतीलाही दिलेलं सापडतं.

खरी कुटकी हातात घेऊन बघा. मूलस्तंभाचे तुकडे साधारण अडीच ते आठ सेंटिमीटर लांब, चार ते आठ मिलिमीटर जाड, बाहेरून करडे-तपकिरी, उभ्या सुरकुत्यांचे आणि आडव्या वळ्यांचे असतात. गळून गेलेल्या मुळांचे वण दिसतात. मोडला की कट्‌कन मोडतो. कणभर जिभेवर ठेवला तर कडवटपणा बराच वेळ जात नाही. पण कडू लागलं म्हणजे कुटकी, असं नाही. गेन्शियानाही कडूच असते.

म्हणून तीन गोष्टी कराच. वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख पटवून घ्या. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम मंडळ पुण्यातच आहे. नमुना जपून त्याला क्रमांक द्या. आणि प्रमाणित पिक्रोसाइड १ व २ (कुटकीची ओळख पटवणारी तिच्यातली द्रव्यं) शेजारी ठेवून थिन लेयर क्रोमॅटोग्राफी करा, म्हणजे घटक प्लेटवर वेगळे दिसतात. मी मार्गदर्शक म्हणून नवी असताना एका विद्यार्थिनीनं ही शेवटची पायरी पुढं ढकलली होती. दोन महिने काम झालं, आकडे बरे आले, आणि प्रबंध बांधायच्या आधी प्लेट चालवली तर पिक्रोसाइडच्या जागी काहीच नाही. ती पोरगी प्लेट दिव्याखाली धरून पुन्हा पुन्हा बघत होती. चूक तिची एकटीची नव्हती, प्लेट आधी मागायला हवी होती ती मी.

कुटकी रानातून इतकी ओरबाडली गेली की ‘साइट्स’ या संकटग्रस्त जातींच्या व्यापारावरच्या कराराच्या परिशिष्ट २ मध्ये तिचा समावेश करावा लागला. शक्य असेल तर लागवडीचा माल मागवा. पालमपूरची हिमालय जैवसंपदा तंत्रज्ञान संस्था आणि श्रीनगर-गढवालचं उच्च पर्वतीय वनस्पती संशोधन केंद्र इथं अशा वनस्पतींवर काम चालतं, तिथं चौकशी करता येते. आणि साताऱ्याजवळचं कासचं पठार म्हणजे अल्पाइन (वृक्षरेषेच्या वरचा) प्रदेश, असं प्रबंधात लिहू नका. कास साधारण १२०० मीटरवर आहे. तिथली फुलं वेगळी, तिथलं हवामान वेगळं.

टप्पा ३: अर्क

मुळं सावलीत वाळवा, भरड दळा, चाळा. कुटकीतली इरिडॉइड ग्लायकोसाइड्स (पिक्रोसाइड याच वर्गातली) फार उष्णता सोसत नाहीत. म्हणून सॉक्सलेट उपकरणात दोन दिवस उकळण्यापेक्षा ७० टक्के इथेनॉलमध्ये ७२ तास भिजवून, मधूनमधून हलवून काढलेला अर्क मला जास्त भरवशाचा वाटतो. अल्कोहोल उडवणाऱ्या रोटरी बाष्पकाचं तापमान ४५ अंशांच्या आत ठेवा.

अल्कोहोल पूर्ण जाईपर्यंत थांबा. राहिलेलं अल्कोहोल जनावराला गुंगी आणतं, आणि ती गुंगी तुम्ही वेदनाशमन म्हणून मोजता.

इथं एक आपल्याकडची अडचण आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णाकाठच्या दमट हवेत अर्क काकवीसारखा चिकट होतो. उघड्या वॉचग्लासवर वजन करायला बसलात तर काट्यावरचा आकडा डोळ्यांदेखत वाढत जातो. म्हणजे ५०० मिलिग्रॅम म्हणून तोललेल्यात पाणी किती आणि अर्क किती, सांगता येत नाही. अर्क डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा आणि एका दिवसाला लागेल तेवढ्याच छोट्या बाटल्या आधीच भरून, बंद करून थंड जागी ठेवा.

तपासणी: उतारा किती टक्के आला, म्हणजे मुळांच्या वजनाच्या किती टक्के अर्क निघाला, ते लिहिलं का? पुढचं सगळं गणित या आकड्यावर उभं आहे.

टप्पा ४: विषाक्तता आणि मात्रा

तीव्र विषाक्ततेसाठी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४२३ क्रमांकाची पद्धत बहुतेक ठिकाणी वापरतात. एका पायरीला तीन जनावरं, शक्यतो माद्या. पहिल्या अर्ध्या तासात किमान एकदा नीट पाहणी, पहिले चार तास विशेष लक्ष, मग रोज, असं १४ दिवस. ‘२४ तासांत मेलं नाही’ एवढंच लिहून थांबू नका. वजन, केस, चाल, विष्ठा यांची नोंद करा. कुटकी रेचक आहे. मोठ्या मात्रेत जनावराला जुलाब होऊ शकतात, आणि जुलाबानं कोरड्या पडलेल्या रॅटच्या पंजाची सूज आपोआप कमी भरू शकते. हे ध्यानात न घेता काढलेला निष्कर्ष कच्चा.

आता मात्रा. सगळ्यात जास्त घोकंपट्टी इथं चालते. २००० मिलिग्रॅमला मृत्यू नाही, म्हणून त्याचा दहावा भाग २०० आणि पाचवा भाग ४००. या भागाकाराचा त्या वनस्पतीच्या प्रत्यक्ष वापराशी काहीही संबंध नसतो. माणसाच्या मात्रेपासून सुरुवात करा.

कुटकी चूर्णाची रूढ मात्रा दिवसाला १ ते ३ ग्रॅम. वरची मात्रा धरू. ६० किलोच्या माणसाला ३ ग्रॅम म्हणजे किलोमागे ५० मिलिग्रॅम. शरीराच्या पृष्ठफळानुसार रॅटसाठी याला ६.२ नं गुणायचं: ३१० मिलिग्रॅम प्रति किलो. पण हे झालं चूर्ण. अर्काचा उतारा समजा २० टक्के आला, तर अर्काची मात्रा ६२ मिलिग्रॅम प्रति किलो. माऊससाठी गुणक १२.३, म्हणून तिथं चूर्ण ६१५ आणि अर्क साधारण १२३ मिलिग्रॅम प्रति किलो.

थोडक्यात, रॅटला ४०० मिलिग्रॅम अर्क देणारा विद्यार्थी माणसाच्या हिशेबात जवळपास २० ग्रॅम चूर्ण पाजतो आहे. त्याचा परिणाम दिसला तरी तो कुणाच्या कामाचा? रॅटसाठी ३०, ६० आणि १२० अशा तीन मात्रा घ्या. मात्रा वाढते तसा परिणाम वाढतो का, हे कळायला किमान तीन बिंदू लागतात.

सावधान: सूज रॅटमध्ये मोजायची, मुरडा (वेदनेनं पोट आखडणं) माऊसमध्ये मोजायचा आणि मात्रा दोन्हीकडे एकच लिहायची, हे चालणार नाही.

टप्पा ५: जनावरं, गट आणि कोण काय जाणतं

जनावरं आणल्यावर किमान सात दिवस रुळू द्या. तापमान २२ अंशांच्या तीन अंश वर-खाली, १२ तास उजेड, १२ तास अंधार. एप्रिल-मे मध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो आणि वीज गेली की जनावरघर तासाभरात तापतं. इन्व्हर्टरची सोय नसेल तर मुख्य प्रयोग त्या महिन्यांत ठेवू नका. तापलेल्या, धापा टाकणाऱ्या जनावरावर वेदनेची चाचणी करणं चूकही आहे आणि निर्दयही.

गट पाच: नुसतं माध्यम (म्हणजे कंट्रोल), प्रमाणित औषध, आणि अर्काच्या तीन मात्रा. माध्यम म्हणून ०.५ टक्के सीएमसीचं (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजचं) द्रावण. सर्वांना पाजायचं आकारमान एकच, किलोमागे १० मिलिलिटर. १८० ग्रॅमच्या रॅटला १.८ मिलिलिटर. ६० मिलिग्रॅमच्या मात्रेसाठी द्रावणात मिलिलिटरमागे ६ मिलिग्रॅम अर्क हवा. मात्रा वाढवायला द्रावण घट्ट करा, जास्त पाजू नका.

पिंजऱ्यातून जे हाताला पहिलं येतं ते कंट्रोलमध्ये, असं करू नका. हाताला सापडतं ते मंद जनावर असतं. चिठ्ठ्या टाका किंवा संगणकावरून यादृच्छिक यादी काढा.

मोजणाऱ्याला गट कळता कामा नये. कुटकीचा अर्क गडद तपकिरी असतो, त्यामुळं बाटलीवर अ-ब-क लिहून भागत नाही, सिरिंज बघूनच कळतं. उपाय साधा आहे: पाजणारा एक, मोजणारा दुसरा, आणि पाजताना मोजणारा खोलीबाहेर.

टप्पा ६: पंजाची सूज

पंजात कॅराजिनान (समुद्री शेवाळातून मिळणारं, सूज आणणारं द्रव्य) टोचून सूज मोजायची ही पद्धत १९६२ पासून रूढ आहे आणि सोपी वाटते म्हणूनच बिघडते.

कॅराजिनान लॅम्डा प्रकारचं घ्या. खाद्यपदार्थांसाठी मिळणारं बहुधा कप्पा प्रकारचं असतं, त्याची जेली होते आणि सुईतून उतरत नाही. ०.९ टक्के सलाईनमध्ये १ टक्का द्रावण करा, थोडं थोडं भुरभुरवत, ढवळत. गुठळ्या राहिल्या तर प्रत्येक पंजात वेगळी मात्रा जाते.

रॅट रात्रभर उपाशी, पाणी मात्र चालू. सकाळी उजव्या मागच्या पायाच्या घोट्याच्या हाडावर पक्क्या मार्करची बारीक रेघ ओढा. प्लेथिस्मोमीटरच्या (पंजाचं आकारमान मोजणाऱ्या यंत्राच्या) पाण्यात पंजा बरोबर या रेघेपर्यंत बुडवायचा, दर वेळी. दोन मिलिमीटर वर-खाली झालं तरी आकडा बदलतो. रेघ तिसऱ्या तासापर्यंत पुसट होते, कारण रॅट पंजा चाटतो. मोजून झालं की पंजा टिपून रेघ पुन्हा गडद करा. केसांबरोबर थोडं पाणी बाहेर येतं, म्हणून प्रत्येक मापाआधी पातळी आणि शून्य तपासा.

मूळ आकारमान मोजा, दोन मापांची सरासरी घ्या. औषध पाजा. एका तासानं तळपायाच्या कातडीखाली ०.१ मिलिलिटर कॅराजिनान द्या. सुई काढायच्या आधी काही सेकंद थांबा, नाहीतर थेंब बाहेर येतो. मग १, २, ३, ४ आणि ५ तासांनी मोजा.

पंचवीस रॅटना एका दिवसात टोचायचं ठरवलं तर दोन जनावरांत तीन मिनिटांचं अंतर धरलं तरी सव्वा तास जातो. त्याच अंतरानं मोजलं नाही तर तुमचा ‘तिसरा तास’ कुणाचा पावणेतीन तर कुणाचा साडेतीन तास होतो. त्यापेक्षा दिवसाला दहा रॅट घ्या, प्रत्येक गटातले दोन. सकाळी सगळे कंट्रोल आणि दुपारी सगळे अर्काचे, असं कधीही करू नका.

आता हिशेब. आकडे निव्वळ उदाहरणाचे. कंट्रोलचा पंजा ०.९० वरून १.६२ मिलिलिटर झाला, वाढ ०.७२. अर्काच्या गटात ०.९२ वरून १.२८, वाढ ०.३६. सूज ५० टक्के रोखली गेली. मुलं काय करतात? वाढ सोडून अख्ख्या पंजाचं आकारमान घेतात: १.६२ आणि १.२८. उत्तर येतं २१ टक्के. पंजा सुजण्याआधीही होताच, तो वजा करायला हवा.

तास वेगवेगळे मोजायचं कारणही समजून घ्या. पहिल्या दीड तासात हिस्टामिन आणि सेरोटोनिनचा जोर असतो, मग कायनिनचा, आणि साधारण अडीच तासांपासून प्रोस्टाग्लँडिनचा. अर्कानं पहिल्याच तासात सूज रोखली आणि नंतर नाही, तर तो डायक्लोफेनॅकसारखा काम करतो असं लिहिता येत नाही.

तपासणी: डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथासिनच्या १० मिलिग्रॅम प्रति किलो मात्रेला तिसऱ्या तासाला सूज ठळक उतरली का? नसेल तर त्या दिवसाचा प्रयोगच फसला. अर्काचा आकडा कितीही गोड असला तरी तो वापरायचा नाही.

टप्पा ७: वेदनेच्या आधी गुंगी

हा टप्पा मुलं शेवटी करतात किंवा करतच नाहीत. पेंगुळलेलं किंवा स्नायू सैल पडलेलं जनावर मुरडा कमी मारतं आणि गरम तव्यावरून पाय उशिरा उचलतं. त्याला दुखत असतं, फक्त ते दाखवू शकत नाही. म्हणून ठरलेल्या मात्रांवर रोटारॉड (फिरत्या दांड्यावर तोल सांभाळायची चाचणी) आधी करा. माईसना आदल्या दिवशी दांड्यावर टिकायची सवय द्या. अर्क घेतलेली माईस लवकर पडत असतील तर मात्रा कमी करूनच पुढं जा.

टप्पा ८: वेदनेच्या चाचण्या

अ) मुरड्याची चाचणी. ०.६ टक्के ॲसिटिक ॲसिड, त्याच दिवशी बनवलेलं, किलोमागे १० मिलिलिटर पोटात. पाच मिनिटांनंतर पुढची पंधरा मिनिटं मोजा. पोट आखडून मागचे पाय ताणले गेले तरच एक मुरडा. नुसती अंग चोरण्याची हालचाल धरू नका. दोघांनी एकाच चित्रफितीवर मोजण्याचा सराव करा आणि आकडे जुळेपर्यंत खऱ्या प्रयोगाला हात घालू नका. ही चाचणी फार हळवी आहे, वेदनाशामक नसलेली कितीतरी द्रव्यंही इथं ‘पास’ होतात. केवळ हिच्या जोरावर वेदनाशामक म्हणू नये.

आ) गरम तवा. ५५ अंश, कमाल १५ सेकंद. पंधराव्या सेकंदाला माऊस उचलायचाच, मग त्यानं पाय चाटला असो वा नसो. नाहीतर तळवे भाजतात. व्होल्टेज वर-खाली झालं की तव्याचं तापमान हलतं, म्हणून डिस्प्लेवर विसंबू नका, पृष्ठभागावर वेगळा तापमापक लावा. मुलांची मोठी चूक इथली: प्रमाणित औषध म्हणून डायक्लोफेनॅक. ही चाचणी मुख्यतः मेंदू-मज्जारज्जूच्या पातळीवरची आहे, डायक्लोफेनॅक तिथं फारसं दिसत नाही. ओपिऑइड लागतं. मॉर्फिन अंमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली येतं आणि २०१८ पासून ट्रामाडॉलही. कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून टप्पा १ बरोबरच अर्ज करा.

मोजमाप असं: आधी ४ सेकंद, नंतर ९, मर्यादा १५. वाढ ५, जास्तीत जास्त शक्य वाढ ११, म्हणजे ४५ टक्के.

इ) फॉर्मालिन. एकच जास्तीची चाचणी परवडत असेल तर ही घ्या. पहिली पाच मिनिटं मज्जातंतूंना थेट लागलेल्या टोचणीची, १५ ते ३० मिनिटं दाहाची. मॉर्फिनसारखी औषधं दोन्ही टप्पे दाबतात, डायक्लोफेनॅकच्या जातीची मुख्यतः दुसरा. अर्क कुठल्या वाटेनं काम करतो, याचा सुगावा इथं लागतो.

सावधान: एकच माऊस दोन चाचण्यांत वापरू नका. पहिल्या वेदनेची आठवण दुसऱ्या आकड्यात उतरते.

टप्पा ९: आकडे

एका वेळच्या मापांसाठी, म्हणजे सगळ्या गटांच्या सरासरी एकत्र ताडून बघायला, एकमार्गी अ‍ॅनोव्हा आणि त्यानंतर कंट्रोलशी तुलना करणारी डनेटची चाचणी. पंजाची सूज त्याच जनावरात पाच वेळा मोजलेली असते, तिथं पुनरावृत्त मापांचा अ‍ॅनोव्हा लागतो. प्रत्येक तासाला, प्रत्येक गटाची वेगळी टी-चाचणी लावत गेलात तर कुठंतरी एक तारांकित (‘लक्षणीय’ ठरलेला) आकडा योगायोगानंच मिळेल. एखादं जनावर वगळलं असेल तर का वगळलं ते लिहा, आणि वगळण्याचे निकष प्रयोगाआधीच ठरवा. परिणाम आला नाही तर ‘या मात्रेला परिणाम आढळला नाही’ असं सरळ लिहा. त्यामुळं पुढचा कुणी त्याच मात्रेसाठी पुन्हा पंचवीस रॅट वापरणार नाही.

टप्पा १०: नोंदवही आणि उरलेला अर्क

नोंदवहीत प्रत्येक दिवसाच्या पानावर खोलीचं तापमान, कॅराजिनान कधी भिजवलं, कुणी पाजलं, कुणी मोजलं, वीज गेली होती का, हे शाईनं लिहा. खोडायचं झालं तर एका रेघेनं, खालचा आकडा वाचता येईल असं. अर्काची एक बाटली आणि मुळांचा मूठभर नमुना तोंडी परीक्षा होऊन निकाल लागेपर्यंत टाकू नका. बाटलीवर नमुन्याचा क्रमांक, उताऱ्याची टक्केवारी आणि तारीख लिहा, वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा. फ्रिजमधल्या ओलीनं शाई फुटते.